साडेपाचचा भोंगा

१६ मे १९७१, रविवार

अक्काचं लग्न झालं. पाठवणीही झाली असणार. मी लेथवर होतो.

सगळ्या जगाला रविवारी सुट्टी असते, म्हणून मामांनी रविवारचा मुहूर्त धरला. त्यांच्या गावी, औशाला दोनदा निरोप धाडला की मामा, पिंपरीत सुट्टी गुरुवारी असते, रविवारी इथं सगळ्या कंपन्या चालू! मामांचं उत्तर — "कंपनीला सांग, बहिणीचं लग्न आहे." सांगितलं की! फोरमन म्हणाला, "लग्न बहिणीचं आहे ना? मग रजा तिनं घ्यायची." सगळे हसले. मीपण हसलो. काय करता!

सेकंड शिफ्ट. अक्षता टाकल्या, जिलबी तोंडात कोंबली आणि साडेतीनच्या आत गेट गाठलं. "पाठवणीला तरी थांब रे," अक्का मागून म्हणाली. आई गेल्यापासून हिनंच मला वाढवलं, लोकांचे ब्लाउज शिवून आयटीआयला घातलं, आणि हिलाच कंपनी म्हणजे काय ते कळू नये! ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पाचनंतर भिंतीपलीकडून बँड ऐकू आला. मीरासाहेब मास्तरांचा — कासारवाडीत दुसरा आहे कुणाचा! वरात स्टेशनाकडे निघाली होती. लेथ बंद करून कान दिला, तर नेमका जनरल शिफ्ट सुटल्याचा साडेपाचचा भोंगा सुरू झाला. तो थांबेपर्यंत बँड लांब गेलेला. अक्काही गेली. थेट भुसावळला.

बरंच झालं. एका खोलीत दोन माणसं म्हणजे अडचणच. आता पाय पसरून झोपेन.

१७ मे

भात करपला. आमटीत मीठ नाही. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

२० मे, गुरुवार

सुट्टी. मास्तरांच्या शेडमध्ये प्रॅक्टिस.

आमचा बँड जगप्रसिद्ध आहे. जग म्हणजे कासारवाडी ते पिंपरी. नाव 'थर्स्डे बॉइज', कारण बाकीचे सहा दिवस आम्ही कुणाचेच बॉइज नसतो, कंपनीचे नोकर असतो. माणसं तीन. मी गिटारवर — पुण्याच्या कॅम्पातून आणलेली जुनी गिटार, मान जराशी वाकडी, माझ्यासारखीच. ड्रमवर अकबर, मास्तरांचा मुलगा. सहा दिवस गॅरेजात स्कूटरी खोलतो आणि गुरुवारी बापाचे ढोल बडवतो. आणि गायक सयाजी — पुण्याचा, आमच्याच कंपनीत इंजिनिअर ट्रेनी, केस कानाखाली. त्याच्याकडे विलायती रेकॉर्ड आहेत आणि एडनच्या काकानं पाठवलेलं स्पूलचं टेपरेकॉर्डर. म्हणून तो गायक.

मास्तर कोपऱ्यात बसून ऐकतात. त्यांचा लग्नाचा बँड, लाल डगले, पितळी वाद्यं, सगळं त्याच शेडमध्ये. "वाजवा, वाजवा. उंदीर तरी पळतील," म्हणाले.

आज सयाजीचं भाषण. "दुसऱ्यांची गाणी किती दिवस बोंबलायची? ओरिजिनल पाहिजे! रॉक म्हणजे राग! ज्योतीराम, तुला कशाचा राग येतो?" म्हटलं, भोंग्याचा. "बस! नाव ठरलं — भोंगा! आता लिही."

साहेबांचा हुकूम झाला. राग काय, पोत्यानं पडलाय.

२५ मे, मंगळवार

गाणं झालं!

फर्स्ट शिफ्ट संपवून खोलीवर गेलो. अक्काचं शिवणयंत्र जिथं असायचं तिथं फरशीवर नुसता चौकोन राहिलाय, आजूबाजूपेक्षा उजळ. तिथंच गिटार घेऊन बसलो. शब्द आपोआप आले —

भोंगा वाजला, गेट लागलं,
कोण निघालं, कोण राहिलं!

पुढची कडवीही तिथंच झाली. तसाच शेडवर पळालो. सयाजी येणार होता, आला नाही. त्याचं टेपरेकॉर्डर मात्र तिथंच पडलेलं. अकबर म्हणाला, "भाऊ, तूच म्हण. मी ड्रम धरतो. उद्यापर्यंत विसरशील." कामाचा दिवस, सगळ्या कंपन्या वीज ओढत होत्या, त्यामुळे शेडमधल्या बल्बात नुसती लाल तार दिसत होती. त्या उजेडात गायलो. मध्येच साडेपाचचा भोंगा झाला, तोही टेपवर गेला असणार. थांबलो नाही. थांबलो असतो तर परत जमलं नसतं.

मास्तर मागं चिंचेनं ट्रम्पेट घासत होते. संपल्यावर उंदरांचंही नाव काढलं नाही.

डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. चिंचेचं पाणी उडालं असेल.

२७ मे, गुरुवार

अरे बाप रे! हे आम्ही वाजवलं?

आज सगळे जमलो आणि टेप लावली. गुरुवारी कंपन्या बंद, म्हणजे सगळी वीज आमची — बल्ब डोळे दिपवत होता, पंखा भिंगरीसारखा फिरत होता. आणि गाणं! काय ती चाल, काय तो जोर! पळत सुटलंय नुसतं! माझा आवाजही चक्क तरणाबांड, पातळ, धारदार. सयाजी टेबलावर चढून नाचला. "हाच तो राग!" म्हणाला.

अकबर डोकं खाजवत होता. "आपण एवढं जोरात वाजवलं होतं?"

"टेपवर असंच येतं," सयाजी म्हणाला. ज्याचं मशीन त्याला ज्ञान.

मधला भोंगा तर असा आलाय की हसून हसून मुरकुंडी वळली. आमचा साडेपाचचा भोंगा कसा घोगरा, रेड्यासारखा! टेपवर तो बोकडासारखा किंचाळतो. सयाजीनं लगेच नक्कल केली — "बॅऽऽऽ!" ठरलं, गाण्याच्या मध्ये हा बोकड ठेवायचाच.

मग टेपबरहुकूम बसवायला घेतलं. माझी गिटार टेपशी जुळेना, तारा पिळत गेलो, एक तुटली. शेवटी जमलं. टेपपेक्षाही थोडं जोरातच.

मास्तर मध्येच उठून बाहेर गेले. म्हातारा झाला, त्याला काय कळतं रॉक!

२ सप्टेंबर १९७१, गुरुवार

कंपनीच्या गणपतीत 'भोंगा' वाजवला. तीनदा वन्स मोअर! पोरं डबे बडवत होती. बोकडाला तर शिट्ट्यांचा पाऊस! मोठ्या साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, "हे कुठल्या भाषेत होतं?" वेल्फेअर ऑफिसर म्हणाले, "पुढच्या वर्षी भोंग्याऐवजी उत्पादनवाढीवर काहीतरी करा." बघतो म्हटलं.

कार्यक्रमानंतरच्या जेवणात कॅन्टीनच्या दुर्गाबाई वाढता वाढता "कोण निघालं, कोण राहिलं" म्हणत होत्या. मला एक पुरी जास्त वाढली. कलेची कदर!

भाऊबीज, १९७२

ओव्हरटाइम.

४ जानेवारी १९७३, गुरुवार

सयाजी मुंबईला चालला. कुठल्याशा हॉटेलात गायला. "रेकॉर्ड काढतो बघ 'भोंगा'ची! तुझं नाव टाकतो." टाक बाबा. टेपरेकॉर्डर शेडमध्येच ठेवून गेला — मुंबईत याहून भारी मशीनं आहेत म्हणे.

गायक गेला. आता आम्ही दोघं. बॉइज म्हणायला हरकत नाही, दोनातही बहुवचन होतं.

११ फेब्रुवारी १९७३, रविवार

आज माझं डोकं फिरलंय.

फर्स्ट शिफ्ट सुटून येत होतो. वाटेत लग्नाचा मांडव, नवरी निघालेली, आणि मास्तरांचा बँड काहीतरी संथ, रडवं वाजवत होता. नवरीची आई ऊर बडवून रडत होती, मावश्या रडत होत्या, पेढे वाटणारा आचारीसुद्धा पंचा डोळ्याला लावत होता. बरी चाल आहे म्हणून थांबलो. आणि मग अंगावर काटा आला — भोंगा! माझा भोंगा! त्याचे पाय बांधून त्याला असा फरपटत नेत होते!

वरात संपेपर्यंत दम काढला आणि मास्तरांना गाठलं. "मास्तर, हे काय चालवलंय? हे रॉक आहे! राग आहे!"

"बाया रडल्या बघ," मास्तर शांतपणे म्हणाले. "बँडवाल्याला आणखी काय पाहिजे रे?"

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. व्होल्टेज! म्हाताऱ्यानं टेप लावली असणार कामाच्या दिवशी, दिवा मंद असताना. मशीन रडतखडत फिरलं, गाणं संथ झालं, यांनी ते तसंच उचललं! मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, चांगलं ओरडून. मास्तर काहीतरी बोलायला गेले, पण मी ऐकलं नाही. ऐकायचं काय त्यात? चूक ती चूक.

"गुरुवारी टेप लावा, म्हणजे खरं गाणं कळेल!" असं म्हणून निघालो.

भाऊबीज, १९७३

ओव्हरटाइम. अक्कानं कुणाबरोबर तरी करंज्या पाठवल्या. चुरा झाला होता. खाल्ल्या.

१७ मार्च १९७४

रोग पसरला. पिंपरीत, चिंचवडला, चाकणपर्यंत — पोरगी मांडवातून निघाली की माझं गाणं! लोक त्याला 'ते रडकं' म्हणतात. "ते रडकं लावा हो मास्तर!"

आज आळंदीला एका दोस्ताच्या लग्नाला गेलो. तिथल्या बँडवाल्याला मुद्दाम विचारलं, ही चाल कुणाची? त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "लई जुनी चाल हाय. आमच्या आज्यापासनं वाजवतोय आमी. तुमास्नी न्हाई ठावं?"

नाही म्हटलं, मला कुठून ठाऊक असणार!

सयाजीचा पत्ता नाही. रेकॉर्डचाही.

८ मे १९७५, गुरुवार

आज माझं लग्न झालं. गुरुवारी! मामांना आधीच बजावलं होतं. मुलगी कुरुळीची, नाव विमल. नाकीडोळी नीटस, बोलायला फटकळ. जमेल.

मास्तरांना लग्नाआधी हात जोडले. "काहीही वाजवा, पण ते वाजवू नका." बरं म्हणाले. पण पाठवणीच्या वेळी सासूबाई अडल्या. "ते रडकं लावा की! त्याबिगर पोरगी न्हाई निघायची मांडवातनं. लोकं काय म्हणतील, फुकाट धाडली?" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि ट्रम्पेट तोंडाला लावला.

तर असा मी उभा — डोक्याला मुंडावळ्या, हातात नारळ, आणि समोर माझ्याच गाण्यावर माझी बायको धाय मोकलून रडतेय. तिच्या तिन्ही मावश्या रडताहेत. जगात कुठल्या रॉकवाल्याची अशी दशा झाली असेल तर दाखवा! कुणीतरी मला म्हणालं, "नवरदेवाचेपण डोळे भरले बघा." धूर होता. चुलीचा.

अक्का आली होती, पोरगी कडेवर घेऊन. जाडी झालीय. ती म्हणाली, "ही चाल कुणाची रे? माझ्या वेळी मास्तरांनी भलतंच काहीतरी वाजवलं. ही असती तर पोटभर रडले असते. तेव्हा रडूच येईना मला. सारखी वळून तुझ्या कंपनीच्या गेटाकडे बघत होते."

जुनी चाल आहे म्हणतात, एवढंच बोललो.

"या भाऊबीजेला ये."

"ओव्हरटाइम असतो गं."

"व्हय, तुलाच असतो," ती म्हणाली आणि पोरीचं नाक पुसू लागली.

भाऊबीज, १९७६

ओव्हरटाइम. (विमल म्हणते, नव्हता. तिला काय कळतं!)

९ जुलै १९७८

धाकटीला विमल रोज 'त्या' चालीवर झोपवते. पोर ढाराढूर झोपते. जाब विचारला, तर म्हणाली, "तुमच्या नावाची पाटी लावलीय का चालीवर?"

लावलेली नाही. तीच तर रड आहे.

मग तिला सगळं सांगितलं — भोंगा, थर्स्डे बॉइज, व्होल्टेज. शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुमचं गाणं वेगळंच आहे म्हणा की." वेगळं? अगं, हेच ते, पण खरं! एकदा, फक्त एकदा लोकांना ते जसं केलं तसं ऐकू आलं पाहिजे! मग माझं काही म्हणणं नाही.

"मोठ्यानं बोलू नका, उठेल ती," विमल म्हणाली.

१६ सप्टेंबर १९८१

देव आहे! वेल्फेअर ऑफिसरनं गेल्या आठवड्यात केबिनमध्ये बोलावलं — नवा आहे, तरुण. खंडेनवमीला कंपनीत सगळ्यांची बायकामुलं येणार, मशीनची पूजा झाल्यावर करमणुकीचा कार्यक्रम. "तुमचं एक गाणं फार गाजलं होतं म्हणतात. जुना बँड परत उभा करा!"

अकबरला सांगितलं. आता मास्तरांना दम लागतो, त्यामुळे लग्नाचा बँड तोच चालवतो. "भाऊ, बघ बुवा," म्हणाला. बघायचं काय त्यात? सयाजीचा पत्ता शोधून काढला. विमा कंपनीत आहे! येतो म्हणाला, लगेच.

अक्कालाही निरोप धाडला होता, ये म्हणून. पोरीची परीक्षा आहे म्हणे. ठीक आहे. कुणावाचून काही अडत नाही.

७ ऑक्टोबर १९८१, खंडेनवमी

लिहू नये असं वाटतंय, पण झोपही येत नाही.

सकाळी लेथला झेंडूची माळ, नारळ, पेढे. पोरं मशीनला हात लावून बघत होती. माझ्या धाकटीनं माझ्या लेथला कुंकू लावलं. मन कसं भरून आलं होतं. वाटलं, आज सगळं बरोबर होणार.

सयाजी आला. केस गेले, पोट आलं, टाय तेवढा नवा. स्टेजवर चढलो आणि वाजवलं — जसंच्या तसं! जोरात! माझी बोटं सोलली, अकबर घामाघूम. मी समोर बघतोय, आता टाळ्या पडतील, आता डबे वाजतील! पुढच्या रांगेत बायका. आधी त्यांना कळेचना. मग चाल ओळखली आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मध्ये सयाजीनं बोकड काढला — "बॅऽऽऽ!" एक पोरगं घाबरून रडायला लागलं. बाकी सगळं चिडीचूप.

कॅन्टीनच्या दुर्गाबाई उठून उभ्या राहिल्या. त्याच, जास्तीच्या पुरीवाल्या! "अहो, लाज वाटते का? पाठवणीच्या गाण्याची चेष्टा करता? माझ्या दोन पोरी या गाण्यावर सासरी गेल्या!"

म्हटलं, दुर्गाबाई, हे माझं गाणं आहे, हेच खरं आहे! माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. लोक हसले. वेल्फेअर ऑफिसरनं माझ्या हातातून माइक घेतला, घाम पुसला आणि म्हणाला, "बरं, आता कलाकार तेच गाणं नीट वाजवून दाखवतील."

नीट!

मी गिटार खाली ठेवली. तोवर बायकांनी आपणच सुरू केलं होतं, हळू, एका सुरात, मांडीवरच्या पोरांना थोपटत. माझी विमलही त्यात. मी मागच्या पायऱ्यांनी उतरलो.

सयाजी म्हणाला, "पब्लिकला टेस्ट राहिली नाही." मग माझी पॉलिसी आहे का ते विचारलं.

घरी आल्यावर विमलनं धाकटीला झोपवलं. मग म्हणाली, "वाईट नव्हतं हो. पण ते कुणाचंच वाटत नव्हतं." फार लागलं. अजून लागतंय.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

मास्तरांकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

शेडमध्ये बाजेवर बसले होते. डोळे अधू झालेत, पण मांडीवर ट्रम्पेट आणि हातात चिंच, तेच जुनं काम. म्हटलं, "मास्तर, तुम्ही माझं गाणं मारलंत. तुमच्या त्या व्होल्टेजच्या चुकीनं मारलंत."

"आधी बस. चहा घे."

"चहा नको! कबूल करा!"

"कसलं व्होल्टेज, बेटा? मला ते मशीन लावता येतं का? हात लावला की अकबर ओरडायचा."

"मग चाल कुठून उचललीत?"

"तुझ्याकडून." मास्तरांनी ट्रम्पेट बाजूला ठेवला. "इथंच तर बसलो होतो त्या दिवशी. तू गात होतास. जसं गायलास तसं वाजवलं. आठ-दहा दिवसांपूर्वी तुझ्या बहिणीची वरात मीच पोचवली होती ना स्टेशनावर? मला लगेच कळलं हे गाणं कशाचं आहे."

"मी जोरात गायलो होतो! टेप साक्षीला आहे!"

"तू रडत होतास, ज्योतीराम. रडणारा माणूस जोरात कसा गाईल?"

म्हटलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? तर म्हणतात, "तू बोलू दिलंस कधी? आलास की व्होल्टेज, व्होल्टेज करायचास आणि निघून जायचास."

अकबर दारात उभा होता. खाली बघत म्हणाला, "भाऊ, तो मंगळवार होता. दिवा लाल होता, आठवतंय? रेकॉर्ड करतानाच मशीन हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर घेतलेलं गाणं आपण गुरुवारी जोरात फिरणाऱ्या मशीनवर ऐकलं. ते पळणारच. मला तेव्हाच शंका आली होती. पण मशीन सयाजीचं होतं, आणि तू इतका खूश होतास!"

वा! बाप-लेकानं मिळून छान गोष्ट रचलीय. म्हातारपणी माणसाला काहीही आठवतं, आणि मुलगा बापाची बाजू घेणारच. आपलं गाणं आपल्याला ठाऊक नसतं होय?

अकबरनं टेपरेकॉर्डर सायकलला बांधून दिलं. "घेऊन जा. चालतंय अजून. कामाच्या दिवशी संध्याकाळी लाव आणि बघ."

घरी आणून कॉटखाली ढकललं. मला काही बघायचं नाही.

१८ ऑक्टोबर

विमल झाडताना कॉटखाली पुन्हा पुन्हा झाडू आपटते. "हे लावणार आहात की पुजणार आहात?"

कॅलेंडर बघत होतो. यंदा भाऊबीज गुरुवारी आली आहे. आता ओव्हरटाइम तरी कुठून आणू!

२३ ऑक्टोबर १९८१, शुक्रवार

संध्याकाळी सातला बल्ब लाल झाला. मशीन ओढलं आणि टेप लावली.

हळू. मास्तरांच्या बँडइतकंच हळू. आवाज पातळ नाही, धारदार नाही. माझाच, आणि दर ओळीला अडकतोय. मग मध्ये भोंगा आला. बोकड नव्हता.

विमल हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, साडेपाचचा भोंगा आत्ता कसा काय झाला?" मग मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि हे तुम्ही रडताय का?"

टेपवर की इथं, ते तिनं विचारलं नाही. मी दोन्हीला हो म्हटलं.

गुरुवारी भुसावळला जातोय. गिटारही नेतोय; तिच्या तारा या सुरापर्यंत सैल केल्या. अक्काची पाठवणी राहिली आहे.